झाडे लॉन

आमच्या शेजारच्या झाडे साहेबांना सकाळी साडेसहाला कोणी फाटकातून हाक मारली, तर ते 'ओ' देत नाहीत. हातातला पाइप न हलवता मान तेवढी वळवतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, "जरा थांबा जी. पिऊन राहिलं." पिणारं कोण, हे नव्या माणसाला कळत नाही. दूधवाल्याला पहिल्या दिवशी वाटलं, घरात तान्हं बाळ आहे. तो बिचारा घंटी न वाजवता चोरपावलांनी परत गेला. पिणारं असतं ते साहेबांचं लॉन. त्याचं पिऊन होईपर्यंत दूध, पेपर, पाहुणे, सगळं फाटकाबाहेर ताटकळत राहतं.

नाव गुलाबराव, आडनाव झाडे, आणि अंगणात ना गुलाब ना झाड. फाटकापासून ओट्यापर्यंत नुसतं गवत. मी एकदा म्हणालो, साहेब, एखादा कडुनिंब तरी लावा, नागपूरचा उन्हाळा आहे. त्यावर ते म्हणाले, झाड लावलं की सावली आली, आणि सावलीत लॉन झुरतं. स्वतः साहेब मे महिन्यात भाजून निघाले तरी चालेल, लॉन झुरता कामा नये.

त्यांची उभी नोकरी वेगवेगळ्या वीजकेंद्रांत पाणी तपासण्यात गेली, शेवटची काही वर्षं मौद्याला. दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि वहीत मांडायचं, हे काम माणसाने जन्मभर केलं की रीडिंग अंगात मुरतं. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या टोकाला बेश्यात घर बांधलं आणि रीडिंग घ्यायला काहीतरी हवं म्हणून, माझ्या मते, लॉन लावलं. नर्सरीतून टेम्पो भरून गवताच्या काड्या आल्या. साहेबांनी दोरी बांधून, पट्टीने अंतर मोजून, गुडघ्यावर बसून एकेक काडी स्वतः खोचली. त्या आठवड्यात झाडे वहिनी मला म्हणाल्या होत्या, "लग्नात मले मंगळसूत्र घालताना बी एवढं वाकले नव्हते."

आता एक अडचण अशी, की आमच्या नागपुरात लॉन म्हटलं की लोकांना गवत आठवत नाही, लग्न आठवतं. शहराबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर कुठलं ना कुठलं लॉन असतं आणि तिथे डीजे वाजत असतो. साहेबांनी हौसेने फाटकावर पाटी लावली, 'झाडे यांचे लॉन. चपला बाहेर काढाव्या.' चौथ्या दिवशी एक गृहस्थ मुलीच्या रिसेप्शनची तारीख घेऊन आले. त्यांनी विचारलं, किती माणूस बसते? साहेब म्हणाले, एकही बसत नाही. गृहस्थ म्हणाले, बरं, उभ्यानं जेवायचं ठेवू. मग साहेबांनी त्यांना पाऊण तास गवताच्या मुळांविषयी माहिती दिली. जाताना ते गृहस्थ मला हळूच विचारून गेले, यांच्या घरी कोणी पाहणारं आहे ना?

पाणी द्यायचीही पद्धत आहे. संध्याकाळी दिलं की रात्रभर ओल राहते आणि बुरशी धरते, म्हणून पहाटे. रोज थोडं थोडं दिलं की मुळं आळशी होतात आणि वरवरच राहतात, म्हणून दोन-तीन दिवसांनी आणि पोटभर. पोट भरलं की नाही ते पाहायला साहेबांच्या शर्टाच्या खिशात एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असतो. तो जमिनीत खुपसायचा, किती बोटं सहज आत गेला ते पाहायचं. "सहा बोटं. रीडिंग बरोबर आहे," म्हणून ते पेचकस फडक्याला नव्हे, पॅन्टलाच पुसतात आणि वहिनी आतून कपाळावर हात मारतात. उन्हाळ्यात टाकी अर्धी झाली की भाजी धुतलेलं पाणीसुद्धा लॉनच्या नावाने बाजूला काढलं जातं.

खताचंही तसंच. शेणखत चाळणीने चाळून, पुरणासारखं मऊ करून पसरायचं. युरियाला ते चिवडा म्हणतात, तोंड चाळवायला ठीक, जेवण नव्हे. आणि कापणी? एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. ह्या एक तृतीयांशावर त्यांची अशी श्रद्धा, की एकदा माझा न्हावी माझे केस फारच बारीक करून गेला, तेव्हा साहेबांनी मला कळवळून सांगितलं, "सर, एकदम एवढे काहून काढू देले? मुळाले धक्का बसते ना." मी शाळेत मराठी शिकवतो आणि माझ्या अंगणात सगळीकडे फरशी आहे. ह्या दोन्ही गोष्टींबद्दल साहेबांना माझी कीव येते.

अशा ह्या माणसाला घाबरत नाही असं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. मग दिवाळीनंतर त्यांच्या थोरल्या बहिणीला, शेवंताबाईंना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मौद्याकडच्या गावाहून आणलं.

शेवंताबाई म्हणजे पंचाहत्तरीची, काटक, काळीसावळी बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. रिक्षातून उतरल्या आणि साहेबांनी हात धरून फाटकाशी आणलं. "बाई, चप्पल काढ वं. इथं लॉन आहे." बाई थबकल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लगन कोणाचं आहे गा, गुलाब?"

साहेबांना 'गुलाब' आणि 'गा' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. साहेब हसले. मला तेही नवीनच होतं.

हळूहळू बाकीचं कळलं. आई गेली तेव्हा साहेब चौथीत होते. बाई लग्न होऊन दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतलेल्या. घरची जमीन नावापुरती, म्हणून बाई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायच्या. निंदण म्हणजे उभ्या पिकातलं तण खुरप्याने काढायचं, दिवसभर उकिडवं बसून, ओळीच्या ओळी. त्या निंदणावर साहेबांची शाळा झाली, पुढचं शिक्षण झालं आणि नोकरी लागली. साहेबांनी मला हे सांगितलं ते पेचकसाकडे बघत. मग म्हणाले, आता बाईने परत जाऊ नये, एवढंच पाहिजे.

कारण बाईंचं जाणं ठरलेलं होतं. डोळे बरे झाले की गावी. तिथे दोन खोल्यांचं घर, आणि त्यात त्या एकट्या. "सर, पडली-झडली तर कोणाले समजन?" साहेब म्हणाले. "माह्यं ऐकत नाही. तुम्ही मास्तर आहात. तुम्ही समजावून पाहा."

मी गेलो. काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेल्या बाईंना मी शहरातल्या सोयींवर जवळजवळ निबंध ऐकवला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे, गुरुजी. पण इथं भावजय भांडं घासू देत नाही, भाऊ बादली उचलू देत नाही. नुसतं बसून जेवा लागते. बसून जेवलेलं मले पचत नाही." मी निबंध आवरता घेतला.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मना केलं होतं. महिना संपला, काळा चष्मा निघाला, वाकायची परवानगी मिळाली. आणि दुसऱ्याच दिवशी साहेब कापणीच्या मशीनच्या पात्याला धार लावायला इतवारीत गेले. बेश्यात काय धार लावणारे नाहीत? आहेत. पण साहेबांना इतवारीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराचाच हात लागतो. तिथे हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीतून जायचं, त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहायचं आणि धार आपल्या नखावर तपासून परत यायचं, ह्यात दिवस जातो. वहिनी त्या दिवशी माहेरच्या एका बारशाला गेल्या होत्या.

अकराच्या सुमारास मी बाल्कनीतून पाहिलं. शेवंताबाई लॉनमध्ये उकिडव्या बसल्या होत्या. मला वाटलं, बहिणीला खास सवलत दिसते. मी जेवलो आणि झोपलो. हा माझा गुन्हा मी कबूल करतो. तीनला उठून पाहतो तर फाटकाकडच्या बाजूने अंगण काळंभोर झालेलं. उपटलेल्या गवताचे ढीग एका ओळीत, मुळं वर करून, वाळत घातलेले. मोजलं नाही, पण साधारण एक तृतीयांश लॉन गेलं होतं.

मी फरशीवरून धावत गेलो. बाई खुरपं थांबवून माझ्याकडे पाहत प्रसन्न हसल्या. एवढे दिवस त्यांना वाटत होतं, भाऊ श्रीमंत झाला म्हणून त्याने अंगणात हिरवी सतरंजी अंथरली. चष्मा निघाला तेव्हा दिसलं, ही तर हरळी. शेतकऱ्याची दुश्मन, एक कांडं राहिलं तरी शेत खाऊन टाकणारी. ती भावाच्या दाराशी पोचली आणि त्या खुळ्याला पत्ताच नाही, उलट पाणी पाजतो.

खरं म्हणजे बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. लॉनचं गवत हरळीच्याच जातीचं असतं, फक्त शहरात आल्यावर त्याचं नाव बदलतं. पण मला काहीतरी सांगणं भाग होतं आणि मराठीचा मास्तर असून मला लॉनला शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, "बाई, ही हिरवळ आहे हो."

"होय ना जी," त्या म्हणाल्या. "हरळीच." आणि पुढचं ढेकूळ उलटलं.

मी त्यांना चहा प्यायच्या निमित्ताने उठवलं. तेवढ्यात साहेबांची ऑटो आली. साहेब उतरले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातं. फाटक उघडलं, पाटीपाशी चपला काढल्या आणि उभे राहिले. गल्लीतल्या दोन-तीन बाल्कन्या आपोआप भरल्या. शेजारच्या पोराने खेळता चेंडू हातात धरला म्हणतात, मला तेव्हा काही दिसत नव्हतं. मी फक्त साहेबांच्या काखेतल्या पात्याकडे बघत होतो.

बाई ओट्यावरून म्हणाल्या, "किती माजू देली गा, गुलाब. मले साफ दिसत असतं तर पहिल्याच दिवशी काढली असती. उरलेली उद्या काढीन."

साहेबांनी पातं फाटकाशी ठेवलं. ते चालत पहिल्या ढिगाशी गेले, खाली बसले, एक काडी उचलली. तिचं मूळ उन्हाकडे धरून पाहिलं. दुसरी उचलली. मग मोकळ्या मातीत खिशातला पेचकस खुपसला, बाहेर काढला, पुसला. मला वाटलं, आता रीडिंग सांगतील. त्यांचा आवाज आला तो अगदी वेगळा होता.

"एक मूळ नाही तुटलं," ते म्हणाले. "चांगलं निंदलं, बाई."

त्या क्षणी मला झाडे साहेब फार आवडले. त्याआधी मी त्यांची गंमत बघत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण सकाळी दूधवाला आला. "अरे बापरे साहेब, लॉनले काय झालं जी? टेम्पोनं आणलं म्हणून सांगत होते ना तुम्ही, एकेक काडी लावली म्हणून." साहेब त्याला खुणा करत राहिले, पण तो सगळं बोलून गेला. बाई दारात उभ्या होत्या.

अर्ध्या तासात त्यांची कापडी थैली भरलेली होती. वहिनींनी मला बोलावलं. बाई ओट्यावर बसल्या होत्या, रडत नव्हत्या, पण चेहरा पार उतरला होता. "जन्मभर निंदलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "कोणाच्या वावरातलं एक रोप चुकून उपटलं नाही. आणि सख्ख्या भावाचं उभं पीक उपटलं. आता कोणत्या तोंडानं राहू?"

साहेब समोर जमिनीवर बसले होते, त्याच लॉनवर, पॅन्टला दंव लागत होतं. ते म्हणाले, पीक पुन्हा लावता येतं, पण निंदणारा माणूस बेश्यात मिळत नाही. लॉनमध्ये तण असतंच. ते कोण काढणार? आपले गुडघे गेले. बाई गेली तर लॉन गेलं समज.

बाई उठल्या. पदर खोचून सगळ्या लॉनमधून एक चक्कर मारली, नवीन डोळ्यांनी एकेक वीत तपासली. परत येऊन म्हणाल्या, "तण कुठं आहे? दाखव."

आणि साहेब तिथेच अडकले. कारण इतक्या वर्षांत त्यांनी त्या लॉनमध्ये तणाची एक काडी टिकू दिली नव्हती. ज्याचा त्यांना गर्व होता तेच आड आलं. मी त्यांना इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "येईल ना, बाई. माती उकरली का तण येतेच. तुले का सांगा लागते? पंधरा दिवस थांब. नाही आलं तर मी स्वतः मोटारीनं सोडून देतो."

उकरलेल्या मातीत तण येतं, हे बाईंना मान्य करणं भाग होतं. त्यांनी थैली खाली ठेवली, पण रिकामी केली नाही.

साहेबांनी मोकळ्या जागेत पुन्हा दोरी बांधली आणि पुन्हा काड्या खोचल्या. आणि खरंच, दहा-बारा दिवसांत तण आलं. चंदनबटवा आला, माठ आला, घोळ आली. जिथे कधी परकं पान दिसलं नव्हतं तिथे भाजीबाजार उगवला. बाई रोज सकाळी ऊन वर आलं की खुरपं घेऊन बसायच्या आणि दुपारी जेवताना, वहिनी सांगत, दोन भाकरी मागून घ्यायच्या. थैली रिकामी झाली. जाण्याचा विषय संक्रांतीवर गेला, मग होळीवर.

मला शंका यायला नको होती, पण मी सकाळी फिरायला जातो. आमच्या मागच्या बाजूला एक पडीक प्लॉट आहे. तिथे एका सकाळी साहेब वाकून काहीतरी चोळून कागदाच्या पुडीत भरताना दिसले. मला पाहून त्यांनी पुडी खिशात घातली, मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढून उघडून दाखवली. बारीक काळं बी होतं. चंदनबटव्याचं.

"पेरून राहिलो," ते म्हणाले. "आपोआप येते त्यानं बाईचा अर्धा तास बी जात नाही."

मी विचारलं, इथे गाजरगवत एवढं माजलंय, तेच का नाही नेत? ते म्हणाले, "नाही ना सर. त्यानं बाईच्या हाताले खाज सुटते. कोवळं पाहिजे, मूळ सैल पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी मी त्या ओळीले पाणी जास्त देतो. बोटानं ओढलं का निघाले पाहिजे." मग मला शपथ घातली की बाईला सांगायचं नाही.

मी शपथ पाळली. पण त्याच आठवड्यात बाईंनीच मला कुंपणापाशी बोलावलं. ओट्यावर कोणी नव्हतं, साहेब आंघोळीला गेले होते. बाईंनी खुरप्याच्या टोकाने माती दाखवली. चंदनबटव्याची रोपं उगवली होती, दोरीत, सरळ, एकमेकांपासून पट्टीने मोजल्यासारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले आहात. तण कधी ओळीनं उगवते का?"

मी शपथ आठवून फाटकाकडे पाहिलं. बाई हसल्या आणि ओळीत बसल्या.

"मोठा साहेब झाला, पण बह्याडच राहिला, खुळा," त्या म्हणाल्या. "त्याले वाटते मले अजून दिसत नाही. वाटू द्या. मी बोलली तर बी पेरणं सोडून देईल तो, आणि मंग कायच्या बहाण्यानं ठेवून घेईल मले?"

त्यांचा हात चालू झाला. एक रोप, दुसरं, तिसरं, मुळासकट, माती झटकून बाजूला. ओळीच्या शेवटच्या रोपाशी मात्र त्या थांबल्या. त्याच्याभोवतीची माती बोटांनी सैल केली, ते रोप तसंच उभं ठेवलं आणि पुढच्या ओळीकडे सरकल्या. मी मागच्या ओळींकडे पाहिलं, तर निंदलेल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक चंदनबटवा सोडलेला होता.

मी म्हणालो, बाई, हे राहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बियाले ठेवले. त्याचे गुडघे दुखते, बी वेचाले मागच्या प्लॉटवर वाका लागते त्याले."